सिरियस म्हणजे गेले

मी जळगावच्या तार ऑफिसात काउंटरवर होतो. लोक येत, फॉर्म पुढे सरकवत आणि म्हणत, भाऊ, तुम्हीच लिहा. तार इंग्रजीत जायची आणि इंग्रजी बहुतेकांना येत नसे. मला येत होतं असं नाही, पण तारेपुरतं येत होतं. वर्षभर काउंटरवर बसलेल्या माणसाला पंचवीस-तीस शब्द येतात आणि तेवढ्यात जगातलं सगळं दुःख मावतं.

त्यातलं सर्वांत जास्त वेळा लिहिलेलं वाक्य होतं, 'फादर सिरियस स्टार्ट इमिजिएटली'. फादरच्या जागी मदर, ब्रदर, अंकल, काय हवं ते घाला. बाकीचे तीन शब्द बदलायचे नाहीत. मी ते झोपेतसुद्धा लिहिलं असतं.

सुरुवातीला मला त्याचा अर्थ डिक्शनरीतला वाटायचा. सिरियस म्हणजे गंभीर, अत्यवस्थ. कामावर लागून आठवडा झाला असेल, एक माणूस चोपड्याहून आला. वडील सकाळीच गेले होते, भाऊ लष्करात कुठेतरी उत्तरेला होता. मी सरळ 'फादर एक्सपायर्ड' लिहिलं. शेजारी आमचे जुने बाबू बसायचे, निवृत्तीला आलेले. त्यांनी फॉर्म माझ्या हातातून ओढला आणि टरकन फाडला.

"त्याला तिथं एकट्याला मारायचंय का?" ते म्हणाले. "दोन दिवस गाडीत बसून यायचंय त्याला. सिरियस लिही."

त्या माणसाने काही न विचारता मान हलवली. त्याला हे माझ्याआधी माहीत होतं.

बाबूंनी मग जेवणाच्या सुट्टीत मला सगळं समजावून सांगितलं. त्यांच्या तरुणपणी म्हणे लोक एक्सपायर्ड लिहायचे, आणि तार वाचून माणूस स्टेशनवर, बाजारात, कुठेही खाली बसायचा. घरी पोचेपर्यंत त्याच्याजवळ धीर द्यायला कुणी नसायचं. मग कुणी सुरू केलं देव जाणे, पण मेलेल्या माणसालाही सिरियस लिहायची रीत पडली. वाचणाऱ्याला खरं काय ते कळायचंच. पण वाटभर धरायला एक दोरी असायची, कदाचित अजून असतील. घरी गल्लीच्या तोंडाशी माणसं दिसली की ती दोरी सुटायची, पण तोवर तो घरच्यांत असायचा. डॉक्टरांचा शब्द, सिव्हिल हॉस्पिटलातल्या चिठ्ठ्यांवरचा, असा आमच्या खान्देशात दयेच्या कामाला लागला. खेड्यांत त्याचं 'शिरेस' झालं. म्हातारी शिरेस शे, असं कुणी म्हटलं की ऐकणारी बाई डोक्यावरचा पदर पुढे ओढून घ्यायची.

मला ही रीत फार आवडली. खरं सांगायचं तर मला ती येते याचा तोरा आवडला. पुढे मीच काउंटरवर लोकांना शिकवू लागलो. कुणी नवखा म्हणाला, साहेब, वारले असं लिहा, की मी बाबूंच्याच आवाजात त्याला दोन शब्द ऐकवायचो. एकदा एक केळीवाला शेतकरी आला. त्याचा बाप खरोखर आजारी होता, जिवंत होता, पोराला बघायचं म्हणत होता. तो फॉर्मकडे बघत म्हणाला, "भाऊ, खरंच सिरियस आहे, तसं लिहा ना."

"खरंच हा शब्द तारेत बसत नाही," मी म्हणालो आणि हसलो. मागच्या रांगेतले दोघं हसले. तोही ओशाळून हसला. मी नेहमीचे चार शब्द लिहिले आणि पुढचा फॉर्म घेतला. त्याचा मुलगा वेळेवर आला की नाही, मला ठाऊक नाही. त्या वेळी तो प्रश्नही मला पडला नव्हता.

माझ्या आईचं माहेर दोंडाईचाचं. आम्ही तिला माय म्हणायचो. वडील लवकर गेले, बहिणीचं लग्न होऊन ती चोपड्याच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी एका खेड्यात दिलेली, त्यामुळे जळगावात घरी आई आणि मी दोघंच. आईचे वडील, आमचे आबा, तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. आबांच्या दोन लेकी, माझी आई आणि असोद्याला दिलेली मावशी, आणि एक मुलगा, माझे मामा. आबा मोठ्या आवाजाचे, खोडकर. नातवंडांची नावं मुद्दाम उलटीपालटी घ्यायचे. आई माहेरी निघाली की चार दिवस आधीपासून तिचा आवाजसुद्धा बदलायचा.

ऐंशी सालानंतरची गोष्ट, पंच्याऐंशी असेल नाहीतर शहाऐंशी. मे महिना. मी सकाळी सातला ड्यूटीवर बसलो. सव्वासात-साडेसातला, आता आतल्या टेबलावर बसणारे बाबू स्वतः उठून बाहेर आले. एरवी ते खुर्चीतून हलत नसत. त्यांनी एक तार माझ्यापुढे ठेवली आणि खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. दोंडाईचाहून आदल्या संध्याकाळी टाकलेली होती, रात्री लाइन बंद, म्हणून सकाळी उतरली. मामाने पाठवलेली. फादर सिरियस स्टार्ट इमिजिएटली.

मला रडू आलं नाही. मी हिशेब करू लागलो, माझ्या धंद्याने मला तेच शिकवलं होतं. तार काल संध्याकाळची, म्हणजे आबा काल दुपारी गेले. मेचं ऊन. आमच्याकडे उन्हाळ्यात रात्रभर कुणी थांबवून ठेवत नाही. तार पोचायला दिवस जातो हे मामाला ठाऊक, म्हणजे त्यांनी लेकींची वाट पाहिली नसणार. काल दिवे लागायच्या आत अग्नी देऊन माती झाली असेल. आता धावत जाऊन तोंड तर दिसणार नाही. मग उगाच ओढाताण कशाला? सुरतेकडची एक पॅसेंजर दहाच्या सुमाराला, दुसरी दुपारी. दुपारच्या गाडीने जाऊ, म्हणजे असोद्याहून मावशीलाही घेता येईल आणि दोघी बहिणी बरोबर जातील. एकटी जाऊन रडण्यापेक्षा दोघींनी जाणं बरं. हे सगळं मी खुर्चीत बसल्या बसल्या ठरवलं आणि मला ते समजूतदारपणाचं वाटलं.

घरी गेलो तर आई चुलीपाशी होती. मला या वेळी दारात बघून तिने भाकरी तव्यावरच ठेवली.

"माय, आधी जेवी ले," मी म्हणालो.

आमच्याकडे असं अवेळी कुणी जेव म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. ज्या घरी जायचं तिथे चूल पेटलेली नसणार, म्हणून आधी दोन घास पोटात घालायचे. तिने माझ्याकडे पाहिलं.

"तार ऊनी का?"

"ऊनी."

"तारमा काय लिखेल शे?"

"आबा सिरियस शेत."

"मंग गया ना आबा," ती म्हणाली.

मी रोज रात्री जेवताना तिला दिवसभराच्या तारा सांगायचो, त्यामुळे ही रीत तिला माझ्याकडूनच पाठ झाली होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "दहानी गाडी भेटी का?"

"आते घाई करीसन काय करशी, माय?" मी म्हणालो. "मावशीले लई येस. दुपारना गाडीवर जाऊत."

तव्यावरची भाकरी एका बाजूने करपली होती, ती तिने ताटात घेतली, मिरचीच्या ठेच्याबरोबर सगळी खाल्ली आणि ताट धुऊन ठेवलं. ती जेवली म्हणून मला हायसं वाटलं होतं.

मी ऑफिसात जाऊन बारापर्यंत काम उरकलं, रजेचा अर्ज दिला आणि मित्राची मोटारसायकल घेऊन असोद्याला गेलो. मावशी मळ्यात होती. तिला गाठायला वेळ गेला, तिच्या आवरण्यात आणखी वेळ गेला. स्टेशनवर आई पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. गाडीत दोघी बहिणी खिडकीशी समोरासमोर बसल्या. धरणगाव गेलं, अमळनेर गेलं. मावशी अधूनमधून डोळे पुसत होती. आई आबांच्या गोष्टी सांगत होती, एकदा त्यांनी तिला यात्रेतून आणलेल्या बांगड्या घरी येईस्तोवर फुटल्या कशा, आणि दुसऱ्या दिवशी ते परत चालत जाऊन नव्या कशा घेऊन आले. समोरची एक बाई ऐकून म्हणाली, कधी गेले? आई म्हणाली, काल.

दोंडाईचाला उतरलो तेव्हा साडेपाच झाले होते. स्टेशनपासून आबांच्या गल्लीपर्यंत दोघी चालत गेल्या. गल्लीच्या तोंडाशी एक जीप उभी होती, तिच्याभोवती तीनचार माणसं. आबांच्या दारातही माणसं दिसत होती. मी जे पाहणार म्हणून धरून चाललो होतो, तेच मला दिसलं.

ज्यांच्या घरी कुणी जातं, त्यांची लेक कशी येते हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. ती गल्लीच्या तोंडापासूनच रडत येते. आवाज घराच्या आधी पोचला पाहिजे. बापाचं नाव घेत, त्याने काय काय केलं ते एकेक काढत, आता मला कोण विचारील म्हणत, ती येते आणि घरातल्या बायका बाहेर येऊन तिला धरतात. आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, मावशीने तिच्या गळ्यात हात टाकला आणि दोघींनी एकदम टाहो फोडला. आईचा आवाज आबांवर गेलेला होता. सगळी गल्ली थांबली.

जीपपाशी उभी असलेली माणसं हात वर करून काहीतरी सांगत होती, पण दोघींना ऐकू येत नव्हतं. मला दिसत होतं, तरी मला वाटलं ती वाट देताहेत. मग दारातून मामा पळत बाहेर आले. अनवाणी होते. त्यांनी आईच्या तोंडावर अक्षरशः हात दाबला.

"चूप बठा! चूप! आबा जिता शेत!"

आई थांबली, पण मावशीचं वाक्य तसंच पुरं झालं. माझ्या बापाला आगीत ठेवलं तेव्हा मी का नव्हते, असं काहीसं ती म्हणत होती.

आम्ही आत गेलो. आबा ओट्यामागच्या खोलीत खाटेवर उशांना टेकून बसवलेले होते. अंगात स्वच्छ सदरा, डोक्याला टोपी, पायाशी बांधून ठेवलेलं लहानसं गाठोडं. दोन दिवसांपूर्वी छातीत कळ आली होती. गावातल्या डॉक्टरांनी धुळ्याला हलवा म्हणून सांगितलं. आबा म्हणाले होते, पोरी येऊ द्या, त्यांना पाहतो आणि मग जातो. मामाने सकाळपासून जीप थांबवून ठेवली होती. दहाची पॅसेंजर जळगावहून निघते, म्हणजे दीडदोनपर्यंत पोरी येतील असा आबांचा स्वतःचा हिशेब होता. दुपारी दोनला त्यांनी टोपी मागून घेतली होती. तेव्हापासून ते तसेच बसले होते, दाराकडे तोंड करून.

आई खाटेपाशी खाली बसली. आबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचा तो मोठा आवाज कुठे राहिला होता कुणास ठाऊक.

"मी मरी गऊ का वं?" त्यांनी तिला विचारलं.

ते थट्टा करत नव्हते. त्यांच्यापासून घरच्यांनी दोन दिवस सगळं लपवलं होतं, धुळ्याला नुसतं तपासायला जायचंय असं सांगितलं होतं. आणि आता त्यांच्या दोन्ही लेकी जळगावहून त्यांचं मरण गात आल्या होत्या. आईने त्यांचे पाय धरले. नाही आबा, नाही आबा, एवढंच ती म्हणत राहिली.

मामा म्हणाले, चला, जीप उभी आहे, उजेड आहे तोवर निघू. आबांनी टोपी काढली आणि उशीवर ठेवली.

"मरेल माणूसले धुयाले कसाले लई जातस?"

धुळ्याला चला म्हणून आम्ही खूप विनवण्या केल्या. मामांनी केल्या, मी केल्या, डॉक्टरांना बोलावून आणलं, त्यांनीही सांगून पाहिलं. आबांनी भिंतीकडे तोंड केलं. आई पाणी घेऊन वाकली की ते ओठ मिटून घेत. रागाने नव्हे, आता त्याची गरज नाही असं कुणी नम्रपणे सांगावं, तसे. दिवेलागणीला जीपवाला निघून गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी आबा गेले. त्या तीन दिवसांत ते आईशी पुन्हा बोलले नाहीत.

धुळ्याला नेलं असतं तर वाचले असते का, मला माहीत नाही. डॉक्टरही तसं छातीठोक म्हणाले नाहीत. पण ते जायला तयार होते. टोपी घालून तयार होते.

माती झाल्यावर मामा मला ओट्यावर घेऊन बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मी तं डॉक्टर बोलना तेच लिखं," ते म्हणाले. "तू तारवाला शे. मना मनमा व्हतं, तुले तं समजी."

पण त्या चार शब्दांवरून कुणाला समजणार होतं? दोंडाईचाच्या तारबाबूने मामाला विचारलंही नव्हतं की आबा आहेत की गेले. त्याने शब्द मोजले, शिक्का मारला. मीही तेच केलं असतं. मयतीला येणाऱ्याची वाट सोपी व्हावी म्हणून आम्ही तो शब्द वापरला आणि जिवंत माणसाला हाक मारायला आमच्याकडे शब्दच उरला नाही. ही अक्कल मला तेव्हा, त्या ओट्यावर आली. खिशात ती तार होती, मी ती फाडली नाही. अजून आहे.

आईने मला कधी दोष दिला नाही. तिने दिला तो स्वतःच्या आवाजाला. त्यानंतर ती कुणाच्याही मयतीला गेली की तोंडात पदराचा बोळा धरून बसायची. सख्ख्या जावेच्या वेळीही ती रडली नाही, बायका नावं ठेवत होत्या. घरी आल्यावर मोरीत जाऊन तोंड धुवायची आणि मला म्हणायची, जेव. मी काउंटरवर त्यानंतर फॉर्म भरताना प्रत्येकाला विचारू लागलो, आहेत की गेले? लोकांना ते फार अभद्र वाटायचं. एकाने माझी साहेबांकडे तक्रारही केली. मी विचारायचं थांबवलं नाही.

नव्वदनंतर चौकाचौकात पिवळ्या पाट्यांची फोनची दुकानं झाली आणि तारा कमी होत गेल्या. बाबू निवृत्त होऊन वारलेही. काउंटरवर माझ्याशेजारी नवीन मुलगी आली होती, तिला शिकवण्यासारखं फारसं काही राहिलं नव्हतं. त्याच सुमाराला आईने अंथरूण धरलं. पोटात गाठ होती, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. बहिणीच्या खेड्यात अजून फोन नव्हता. एका सकाळी आईने मला जवळ बोलावलं.

"तिले तार कर," ती म्हणाली. "आधी लिख, माय जिती शे. मंग लिख, ये."

मी 'मदर अलाइव्ह कम' असा फॉर्म भरून त्या नव्या मुलीपुढे ठेवला. ती वाचून म्हणाली, "साहेब, अशी तार कुणी करतं का?" मी म्हणालो, आजपासून करतात. तिने शब्द मोजले आणि शिक्का मारला.

बहीण दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मी दारात उभा होतो. गल्लीच्या तोंडाशी ती एस.टी.तून उतरली तशीच धुळीने माखलेली दिसली, पदर तोंडावर घट्ट धरलेला. आबांची गोष्ट तिने आईकडून शंभर वेळा ऐकली होती. शेजारणी बाहेर येऊन तिच्याकडे बघत उभ्या होत्या. ती त्यांच्यामधून एक हुंदका न देता चालत आली, चपला हातात घेऊन ओट्यावर चढली. आईचे डोळे मिटलेले होते.

"ऊनी का?" तिने मला विचारलं.

"ऊनी, माय."

"रडत ऊनी का?"

"नही."

आईने हात पुढे केला. दोघी त्या दुपारी खूप बोलल्या, भांडी कुणाला, पोरांना काय, बांगड्यांची यात्रा, सगळं. आई दोनदा हसलीसुद्धा. त्यानंतर ती पाच दिवस होती.

सहाव्या दिवशी सकाळी बहीण तिच्या उशाशी बसली होती आणि मी पायाशी. आईचा श्वास लांबत लांबत गेला आणि मग पुढचा आला नाही. शेजारणी दारात जमल्या. बहीण माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा लाल झाला होता, ओठ दाबलेले होते, पण ती आवाज काढत नव्हती. मी आईच्या नाकाशी हात धरला. मग डॉक्टरांना बोलावलं. ते पाहून गेल्यावर मी पुन्हा एकदा हात धरला, बराच वेळ.

मग मी बहिणीला म्हणालो, "आते रड."